बुधवारचं नाशिक

मिसळ चांगली होती, हे आधीच सांगून टाकते.

सांगताना मला माझाच राग येतो. मी पत्रकं लिहिते. पत्रकाचं पहिलं वाक्य वाचणाऱ्याच्या कानाखाली बसलं पाहिजे, हे मला विसाव्या वर्षी शिकवलं गेलं आणि आता ते मी इतरांना शिकवते. अन्यायापासून सुरुवात करा, मागणीवर संपवा, मधे विशेषणं कमी ठेवा. त्या शिस्तीत मिसळ कुठे बसते? पण गेला महिनाभर मी हे लिहायला बसते आणि कागदावर पहिल्यांदा येतो तो काळ्या मसाल्याचा वास. खोबरं जरा जास्तच भाजलेलं, कांदा जळायच्या बेतात आलेला. त्याच्यापुढे मला दुसरं काही सुचतच नाही.

डिसेंबरात नाशिकला आमची राज्यस्तरीय परिषद होती. तीन दिवसांची. विषय होता हंगामी मजुरीसाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांच्या मुलांचं शिक्षण. मी पुण्याहून गेले, पण मूळची मी पेठ तालुक्यातली, डोंगरातल्या एका पाड्यावरची. पाच ते अकरा या वयातले माझे सगळे हिवाळे नाशिकजवळच्या द्राक्षबागांमध्ये गेले. नव्वदीची पहिली वर्षं ती. भात-नागली घरात आली, दिवाळी झाली, की आमची टोळी ट्रकमधून बागांवर यायची आणि शिमग्याला परत जायची. शाळा तेवढी डोंगरात राहायची. त्यावर मी एक पत्रक लिहिलं होतं. त्यातलं एक वाक्य फार चाललं: ‘द्राक्षबागांनी माझं बालपण खाल्लं.’ ते फलकांवर गेलं, भिंतींवर गेलं, एका मोर्चात टी-शर्टवरही गेलं. मला व्यासपीठावर बोलावतात ते त्या वाक्यासाठी. मला नाही.

परिषदेच्या तिसऱ्या दिवशी, दुपारी चार वाजता, मंत्रालयातले एक मोठे अधिकारी येणार होते. त्यांच्यासमोर मी ते वाक्य म्हणायचं, माझी गोष्ट सांगायची आणि मागणी ठेवायची. आमच्या भागात हंगामी वसतिगृह हवं, म्हणजे आईबाप बागांवर गेले तरी पोरं गावातच राहतील आणि शाळेत जातील. अधिकाऱ्यांना पटलं तर कागद पुढे सरकेल. नाही पटलं तर पोरं पुन्हा ट्रकमध्ये. एवढं सरळ होतं सगळं.

मग पहिल्याच सकाळी पगारे सर आम्हाला मिसळ खायला घेऊन गेले.

पगारे सर म्हणजे परिषदेचे नाशिकचे संयोजक. शाळेत भूगोल शिकवतात, नाशिक रोडच्या एका कॉलनीत वाढलेले, मफलर कायम गळ्यात. शहर दाखवताना असे चालतात की वाटावं यांनीच ते रात्रभर जागून झाडून ठेवलंय. मी रिक्षातून उतरता उतरताच त्यांना धरलं.

“सर, आपण मजुरांच्या प्रश्नावर जमलोय. कार्यक्रमपत्रिकेत हे ‘नाशिक दर्शन’ काय आहे? तिसऱ्या दिवशी तर चक्क वायनरी! लाज वाटत नाही का आपल्याला?”

“वाटते ना. ताईंचा निषेध इतिवृत्तात घेतो. रस्सा झणझणीत का मध्यम?”

“मी गंभीरपणे बोलतेय, सर.”

“मी पण. झणझणीत घ्या. त्याने भाषण चांगलं होतं.”

मी झणझणीत घेतला. पहिला घास तोंडात गेला आणि मी सात वर्षांची झाले. इतकं निर्लज्जपणे, इतकं विनापरवाना. समोर सोलापूरच्या कार्यकर्त्या ऊसतोडीबद्दल काहीतरी महत्त्वाचं सांगत होत्या, आणि मी पापड मोडून रश्श्यात बुडवत होते, नदीवरून येणाऱ्या थंडीत, कुणाच्या तरी पदराखाली बसून.

बुधवार असायचा तो. टोळीला आठवड्यातून एक दिवस सुट्टी आणि ती बुधवारी, कारण गोदाघाटावर बाजार भरायचा. मखमलाबादच्या पुढे आमची बाग होती. तिथून नदीपर्यंत आम्ही चालत यायचो. धुकं इतकं की पुढे चाललेल्या बाईच्या फक्त पैंजणांवर भरवसा ठेवायचा. घाटाच्या खालच्या अंगाला, देवळांची गर्दी संपते तिथे, बायका आंघोळी करायच्या. आत्या माझे हात दगडावर ठेवून साबणाने घासायची, बोटं एकेक करून. मग केसांना तेल. ओल्या केसांची, खोबरेल तेलाची, ओल्या लुगड्यांची आणि शेजारच्या कढईतल्या भज्यांची अशी एक वाफ तयार व्हायची. मला अजूनही कुणी ‘शहर’ म्हटलं की रस्ते किंवा इमारती आठवत नाहीत. ती वाफ आठवते.

मग जिलबी. पिवळ्या कागदात, तुपाचा नसलेला पण आम्हाला तुपाचाच वाटणारा वास. मग गुडीशेव, गुळाच्या पाकातली, दातात अडकणारी. आणि पंचवटीतल्या एका बसक्या हॉटेलात मिसळ. दोघींत एक प्लेट, रस्सा मात्र पुन्हा पुन्हा. हॉटेलवाला वैतागून ओरडायचा, “अगं बायांनो, रस्सा आहे हा, गोदावरी नाही!”

“गोदावरी तर फुकट हाय,” आमच्यातली कुणीतरी म्हणायची, “तू बी तसाच दे की!”

आणि अख्खी टोळी हसायची. आत्या सगळ्यात मोठ्याने. तिचं हसणं असं की शेजारच्या बाकावरचा माणूस आपलं खाणं थांबवून बघायचा.

ही काशी आत्या, माझ्या बापाची बहीण. आई माझी मी कळती व्हायच्या आधीच गेली. बाप टोळीत फवारणीच्या कामाला असायचा, त्याच्या अंगाला कायम गंधकाचा वास. मला सांभाळायची ती आत्या. नवऱ्याने टाकलेली, विशीतली, उंच, हातात कात्री किंवा प्लॅस्टिकचा मग.

मगाचं सांगायला हवं. घड लहान असताना ते एका औषधाच्या पाण्यात बुडवतात, मणी लांब आणि मोठा व्हावा म्हणून. प्लॅस्टिकचा मग घडाखाली धरायचा, वर उचलायचा, घड आत बुडला की अलगद खाली. पुढचा घड. मग पुढचा. बागेतली प्रत्येक ओळ एका बाईला वाटून दिलेली. आणि आमच्या टोळीची रीत अशी की पोर सोबत आणलं, ते आठ वर्षांचं झालं, की त्याच्या नावाने अर्धी ओळ धरायची. माझ्या नावाची अर्धी ओळ होती. पत्रकात मी हे ठळक अक्षरात छापलंय: ‘आठव्या वर्षी माझ्या वाट्याला अर्धी ओळ आली.’ खोटं नाही ते. कुणीही विचारावं, मुकादमाच्या तोंडी माझं नाव होतं.

पण मला ती ओळ आठवत नाही. इथेच सगळा घोळ आहे. मला मांडव आठवतो. वेलींचं हिरवं छप्पर, डोक्यापासून हातभर वर, त्यातून गळणारा उजेड. छाटलेल्या काड्यांची मी घरं बांधायचे. जमिनीवर पानांच्या सावल्या हलायच्या, त्यांच्यात मी मासे पकडायचे. पोत्यावर झोपलेली असायचे, आणि जाग यायची तेव्हा आत्या दोन ओळींपलीकडे गाणं गुणगुणत असायची आणि तिच्या हातातला मग खालीवर होत असायचा, बाळांना आंघोळ घातल्यासारखा. माझ्या हातात मग? आठवत नाही. थंडी? आठवत नाही. आमच्या शिबिरांमध्ये सांगतात की माणूस दुःख झाकून ठेवतो, ते उकरून काढावं लागतं. मी इतकी वर्षं स्वतःला उकरतेय. दर वेळी जिलबीच निघते.

दुसऱ्या दिवशी बुधवार होता आणि आत्या मला भेटायला हॉटेलवर आली. आता ती नाशिकलाच असते, पेठ रोडला. एका शाळेत पोरांची खिचडी शिजवते. परिषदेचं जेवण मांडलेलं होतं ते तिने टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जाऊन बघितलं, खाल्लं मात्र नाही.

“एवढं कोन खातं गं?”

“आम्ही. मजुरांसाठी लढणारे.”

“लढाई बरीच मोठी दिसती,” आत्या म्हणाली.

पगारे सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. आणि लगेच आम्हा दोघींना घेऊन ते गोदाघाटावर निघाले. मी दुपारचं गटचर्चेचं सत्र सोडून गेले. सोडायला नको होतं. मी तोपर्यंत एकही सत्र कधी सोडलं नव्हतं.

भांडीबाजारातून गेलो. तांब्यावर पडणारे हातोडे, एक थांबला की दुसरा, गल्लीचा सगळा उजेड त्या हंड्यांवर गोळा झालेला. घाटावर बाजार होता, तसाच, नुसता प्लॅस्टिक जास्त. आत्या पुढे पुढे चालत होती, भाजीवालीशी हुज्जत घालत, विकत काहीच न घेता. सर मला कुठल्या देवळाची कमान कुठल्या काळातली ते सांगत होते. मी ऐकत नव्हते. मी आत्याच्या पाठीकडे बघत होते आणि विचारायचं धाडस गोळा करत होते.

“आत्या, मी बागेत काम करायचे ना गं?”

“तू?” तिने मागे न बघता उत्तर दिलं. “तू लय बोलायचीस.”

“अगं, नीट सांग. माझी अर्धी ओळ होती ना?”

“व्हती की. ती बघ गुडीशेव. खातीस?”

खाल्ली. तीच चव. दाताला तशीच चिकटली. आत्याने बोटं चाटली आणि मग सहज, नदीकडे बघत म्हणाली, “तुझं ते पत्रक वाचलं मी. आमच्या साळंतल्या बाईंनी वाचून दावलं.”

“कसं वाटलं?”

“चांगलं हाय. लय कडक.” गुडीशेवेचा कागद तिने घडी घालून पिशवीत टाकला. “जिलबीचं काय लिवलं नाय तू.”

पोलिसांनी एकदा मला गाडीत कोंबलं होतं, तेव्हाही इतकं लागलं नव्हतं.

तिसऱ्या सकाळी बस निघाली. मी बहिष्कार टाकणार होते. तसं निवेदन लिहूनही ठेवलं होतं, आणि ते पर्समध्ये घालून मी बसमध्ये बसले. पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढले. वर दगडात कोरलेल्या थंडगार खोल्या, बाहेर सगळं नाशिक दुधासारख्या उजेडात. सुंदर होतं. कुणाला विचारून इतकं सुंदर असतं हे शहर? मग दिंडोरीकडच्या वाटेवर, मखमलाबादनंतर, मी खिडकीला नाक लावून आमची बाग शोधली. तिथे सोसायटी होती. नावात द्राक्षं आणि बाकी सगळं सिमेंट. वायनरीत एका मुलीने ग्लास कसा फिरवायचा ते शिकवलं. तिथल्या वेलींना मांडव नव्हता, नुसत्या तारा, खाली सावली म्हणून नाही. मी अर्धा ग्लास वाइन प्यायले. आवडली नाही, एवढंच समाधान.

चार वाजले. सभागृह भरलेलं. अधिकारी वेळेवर आले, हेच आश्चर्य. आत्याला मी शेवटच्या रांगेत बसवलं होतं. पगारे सरांनी माझी ओळख करून दिली आणि अर्थातच ते वाक्य म्हणून दाखवलं. टाळ्या पडल्या. मी माइकसमोर उभी राहिले.

आणि मला ते वाक्य म्हणता येईना.

भीती नव्हती. मी हजारो माणसांसमोर बोललेली बाई आहे. पण तोंडात अजून गुडीशेवेची चव होती आणि शेवटच्या रांगेत ती बसली होती. मग मी बुधवार सांगितला. धुकं सांगितलं, तेल सांगितलं, जिलबी सांगितली, रस्सा आणि गोदावरी सांगितली. सभागृह हसलं. सोलापूरच्या ताईंनी डोळे पुसले. मला वाटलं, आज पहिल्यांदा मी खरं बोलले. बसले.

अधिकारी प्रसन्न झाले होते. “फार सुंदर,” ते म्हणाले. “इतकं प्रांजळ निवेदन मी या विषयावर ऐकलं नव्हतं. म्हणजे बघा, आपण याला फक्त समस्या समजतो. पण मुलांना कुटुंबाचा सहवास मिळतो, शहर बघायला मिळतं, आनंद मिळतो. त्यांना आईवडिलांपासून तोडून वसतिगृहात ठेवणं कितपत योग्य, याचा आपण फेरविचार करायला हवा.”

पगारे सरांनी मफलरमध्ये तोंड घातलं. मी उठायला गेले, पण मी दिलेलाच घास त्यांनी चावला होता. पाड्यावरची पोरं, ज्यांची नावं मला पाठ होती, ती माझ्या डोळ्यांदेखत ट्रकमध्ये चढत होती. आणि चढवत होते मी.

“सायेब, एक इचारू?”

शेवटच्या रांगेतून आवाज आला. सगळे वळले. आत्या उभी होती, पिशवी काखेत धरून.

“आपण कोण?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

“मी हिची आत्या. ती जिलबी मीच घेतल्याली.”

लोक हसले. ती हसली नाही.

“बुधवार खरा हाय, सायेब. पोरगी खोटं बोलत नाय. पन आठवड्याचे वार किती? बाकीचे सा कुठं गेले, ते तुमी तिला इचारलं नाय. इचारलं असतं तरी तिला सांगता आलं नसतं. तिला ठावंच नाय.” तिने पिशवी एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. “हिच्या नावाची अर्धी ओळ व्हती. एक दिस बी केली नाय हिनं. ती मी करायची. दिस उगवायच्या आत, दवात. हिला पोत्यावर निजवायची आन् हिची ओळ संपवायची. मंग माझी. हात फुटल्याले, पन दाखवत नाय, आता बरे हायेत. टोळीत बारा पोरं व्हती, सायेब. बाकीची ओळीतच व्हती, हातात मग घेऊन. समद्यांला कुठली आत्या असती?”

आणि ती बसली. टाळ्या वाजल्या नाहीत. अधिकाऱ्यांनी समोरची फाइल उघडली, पेन मागितलं आणि आमच्या मागणीवर लिहिलं: ‘तत्त्वतः मान्य. प्रस्ताव तातडीने सादर करावा.’ तत्त्वतः म्हणजे काय, ते आमच्या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. पण हातात कागद होता. पगारे सरांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

मी सभागृहातून जवळजवळ पळतच बाहेर आले. आत्या रस्त्याच्या कडेला बसथांब्यावर उभी होती. माझ्याकडे बघायला तयार नाही.

“आत्या, तू कधी सांगितलं नाहीस.”

“सांगायचं असतं तर तवाच तुला उठवलं नसतं का? तुला कळू नाय म्हनून तर निजवायची.” तिचा आवाज चढला. “आन् आज इतक्या मानसांत मला बोलाया लावलंस. तुझं भाषन तुला करता येत नाय?”

मला रडू फुटलं. भर रस्त्यात, गळ्यात परिषदेचा बिल्ला लटकत असताना. माझं बालपण कुणी खाल्लंच नव्हतं. खाल्लं होतं ते हिचं सगळं, विशीतलं. आणि मी त्यावर सही माझी ठोकून गावभर वाटलं होतं. नवं वाक्य माझ्या डोक्यात तयार व्हायलाही लागलं होतं, रडता रडताच. सवय असते हाताला. मी म्हटलं, “माझ्यासाठी तू तुझं सगळं आयुष्य...”

“गप,” आत्या म्हणाली. “आता माझं पत्रक काढू नको.”

मी बिल्ला काढून पर्समध्ये टाकला.

“तुझ्यासाठी बुधवार करीत व्हते मी? मी? अगं, वीस वर्साची व्हते. मला बी जिलबी आवडायची. रस्सा मलाच लागायचा जादा, तू कुठं खात व्हतीस, तुला तिखट लागायचं. घाटावर त्यो बांगड्यावाला माझ्याकडं बघून दोन बांगड्या जास्ती घालायचा. लय मजा केली आमी. तुझं पत्रक निघालं म्हंजी लोक म्हनतील, बिचारी. मी नव्हते बिचारी.”

“मग दवातली ओळ?”

“ती बी व्हती की.”

“मग खरं काय होतं, आत्या? मी काय सांगू लोकांना?”

तिने माझ्याकडे पहिल्यांदाच नीट बघितलं. शाळेतल्या एखाद्या पोराने ताट पुढे करून भलतंच काही मागितलं की ती असंच बघत असेल.

“मला काय ठाव? बस आली बघ माझी.”

ती चढली. खिडकीशी जागा मिळवायला कुणाशी तरी भांडली, मिळवली. बस हलली तेव्हा तिने मला हात केला नाही, कारण शेजारच्या बाईला ती काहीतरी सांगत होती आणि सांगता सांगता मोठ्याने हसत होती. काच बंद होती. ती काय सांगत होती, ते मला ऐकू आलं नाही.